अध्यक्षांचे दोन शब्द

भेस्तानच्या सरलाबाईचं एक ठाम मत होतं. सुरतेत साड्या निघतात त्याहून जास्त भाषणं निघतात, आणि साडी निदान नेसता तरी येते. हे मत तिनं कुणापासून लपवलं नव्हतं. मंडळाच्या कार्यक्रमात बायकांच्या सतरंजीवर शेवटच्या कोपऱ्यात बसून, मांडीवरच्या साडीला टिक्क्या चिकटवता चिकटवता ती ते शेजारणीच्या कानात सांगायची. शेजारीण घाबरून समोर बघायची, कारण समोर भाषण ठोकणारा बहुतेक वेळा सरलाबाईचाच नवरा असायचा.

बाई पारोळ्याकडची. अंगाची हळद उतरायच्या आत सुरतेला आली ती थेट लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात. नवरा वर लूम चालवायचा, ही खाली बॉबिन भरायची. गावाकडे आईला वाटायचं, पोरगी शहरात सुखाला लागली. कसलं डोंबलाचं सुख! पण रडगाणं गाणाऱ्यातली ती नव्हती. खोली घेतली, पोराला वाढवलं, डोळे अधू झाले तशी खातं सोडून घरी टिक्क्यांचं काम आणलं. पोरगा लखन हजीऱ्याला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला, आईशी अर्धं गुजराती अन् अर्धं हिंदी बोलायला लागला, तेही तिनं चालवून घेतलं. एक गोष्ट मात्र तिला जन्मात चालवून घेता आली नाही, ती म्हणजे मंडळ.

मंडळाचं पूर्ण नाव खान्देश बांधव उन्नती मंडळ. उन्नती कुणाची झाली ते विचारू नये. पत्र्याचा एक हॉल, एक माईक, खुर्च्यांची चळत आणि त्या खुर्च्यांवर बसायला दहा गाड्यांचे दहा बैल. हिलालराव त्याचे अध्यक्ष. दिवसभर यंत्रांच्या धडधडाटात तोंड बंद ठेवावं लागायचं, त्याचा वचपा ते संध्याकाळी माईकवर काढायचे. आवाज भारदस्त, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि कुठे थांबलं की टाळी पडते याची अचूक जाण. बारसं असो की बारावं, भाषण तेच, फक्त नाव बदलायचं. लोक म्हणायचे, हिलाल आप्पा बोलले की अंगावर काटा येतो. काय बोलले असं विचारलं तर म्हणायचे, ते काही ध्यानात नाही, पण बोलले फार झकास. सरलाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, आणि हे बावळट वरून ढेकर देतात, असं तिचं म्हणणं.

तरी ह्याच माणसानं एकदा खरं काहीतरी बोलून दाखवलं होतं. सरलाबाईची भाची वर्षा आखाजीच्या सणाला माहेरपणाला आली आणि परत जायला तयार होईना. सासर बारडोलीला. नवरा साखर कारखान्यात कामाला, आणि घरी आला की हात चालवणारा. पोरीच्या दंडावर इस्तरीचा चटका होता, तिकोनी, जसाच्या तसा. वर्षाला बाप नाही. भाऊ विकास म्हणजे मंडळाच्या शब्दाबाहेर जाईल तर शपथ. मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांच्या निकालानं फारकत मिळाली तर ठेवून घेतो, नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी बारडोलीला पोचवतो, असं त्यानं बहिणीच्या तोंडावर सांगितलं. इतका शूर भाऊ! तेव्हा वर्षा आत्याकडे आली, चुलीपुढे बसून तिनं दंड दाखवला. हिलालरावांनी तो पाहिला. तिथे माईक नव्हता, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. ते घरच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "मी तिले धाडस नही." मी तिला पाठवत नाही. सरलाबाईला नवऱ्याचं ते बोलणं पटलं, कारण ते आखूड होतं.

आणि बैठकीच्या आधीच हिलालरावांच्या डोक्यात गुठळी झाली.

सकाळी उठले, चूळ भरली, पाटावर येऊन बसले. हात धड, पाय धड, तोंड वाकडं नाही. सरलाबाईनं चहा पुढे केला तर अगदी प्रसन्नपणे म्हणाले, "त्या उंबऱ्यातली दुपार आधी गाळून घ्या, म्हणजे मग तिला खुंटीवर बसवता येईल." तेही अहिराणीत नाही, मंडळाच्या मराठीत. तिला आधी वाटलं, म्हाताऱ्याला थट्टा सुचली. मग तिनं विचारलं, तुमले काय व्हयनं? त्यावर त्यांनी मान डोलावली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की अशा तरवणीला घाबरून चालत नाही, तिची पायरी आपणच शिवली पाहिजे. तरवण म्हणजे काय हे ना तिला माहीत, ना त्यांना, ना पारोळा तालुक्यात कुणाला.

दवाखान्यात फोटो काढले, डाव्या कानाच्या वरच्या बाजूला मेंदूला रक्त पोचलं नव्हतं. औषधं चालू झाली, काही दिवसांत घरी सोडलं. लखन रजा टाकून आला होता. पप्पा तर मस्त बोलताय, मग प्रॉब्लेम शू छे, असं म्हणून तो हजीऱ्याला निघूनही गेला. समाजाचे लोक भेटायला आले, हिलालराव त्यांच्याशी तासन्‌तास बोलले, आणि लोक बाहेर पडताना सरलाबाईला सांगून गेले की देवाची कृपा, आप्पांची वाणी वाचली. एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही की त्या वाणीत शेंडा नाही की बुडखा नाही. येईल कसं? आधी तरी तो कुणी कधी शोधला होता?

लक्षात आणून दिलं ते मयुरीनं. दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणारी ही पोरगी, आईबाप यवतमाळकडचे, जन्म सुरतेतला, मराठी बोलता बोलता गुजरातीत घसरणारी. तिनं सरलाबाईला जवळ बसवून नीट समजावलं. काकी, वाक्याची बांधणी करायचं काम डोक्यात एकीकडे जास्त होतं आणि शब्दाला अर्थ जोडायचं दुसरीकडे जास्त. मध्ये अगदी भिंत नाही, पण मोटे भागे, म्हणजे बहुतेक करून, तसं. काकांची बांधणी शाबूत आहे. कर्ता, क्रियापद, 'चा', 'ची', 'ला' हे प्रत्यय, सगळं जागच्या जागी. अर्थाचं खातं मात्र बसलंय. त्यामुळे ते बोलतात त्यात काही नसतं, आणि आपण बोलतो त्यातले शब्दही त्यांना लागत नाहीत. चेहरा आणि सूर तेवढा त्यांना बरोबर कळतो. त्यावरून ते अंदाजानं हसतात, मान हलवतात, आणि समोरच्याला वाटतं यांना समजलं. आणि काकी, आपण फालतू बोलतोय हे त्यांचं त्यांनाही कळत नाही.

सरलाबाई खात्यातली बाई, तिला हे पटकन उमगलं. ताण्याचे उभे धागे धड आहेत, बाण्याचा आडवा धागा संपलाय, आणि लूम धडाधड चालूच आहे. कापड निघणार नाही, पण आवाजावरून बाहेरच्याला काय कळणार! मयुरी म्हणाली, अगदी तसंच. मग सरलाबाईनं विचारलं, आजार आत्ताचा आहे हे नक्की ना? कारण लक्षणं मी लग्नापासून बघते आहे. मयुरीला हसू आवरेना. सरलाबाई हसली नाही.

त्याच खोलीत इंदुबाई यायची. परभणीकडची, नवरा बांधकामावर, ही भेस्तानच्या नाक्यावर भाजी विकायची. तिचं अगदी उलट झालेलं. उजवा हात लुळा, आणि तोंडातून एकेक शब्द निघायचा तो सुटा, दगड उचलल्यासारखा. "भाजी. टोपली. पोरगं. घेऊन." मध्ये जोडायला काही नाही, पुढे-मागे काही नाही. पण शब्द सगळे खरे. मयुरीनं वाटीकडे बोट न दाखवता वाटी मागितली तर इंदुबाई डाव्या हातानं बरोबर वाटी उचलून द्यायची. हिलालरावांकडे तीच वाटी मागितली तर ते वाटीवर भाषण करायचे. आणि लोकांची अक्कल अशी, की इंदुबाईला तिच्याच सुनांनी वेडी ठरवून बाजूला बसवलं होतं, तिच्यासमोर तिच्याच पेटीच्या वाटण्या बोलायच्या. हिलालरावांच्या मात्र पाया पडायला रांग. तुटकं बोलली म्हणून शहाणी वेडी झाली, आणि घोळून बोलला म्हणून रिकामा शहाणा झाला. सरलाबाईला ह्या जगाची शिसारी आली.

मंडळात तर कहरच झाला. एका जुन्या कामगाराची शोकसभा होती. सरलाबाई नको नको म्हणत असता चिटणीस धर्मेंद्र येऊन अध्यक्षांना स्कूटरवर घालून घेऊन गेला. हा धर्मेंद्र म्हणजे गोडबोल्या, वहिनी वहिनी करत घरात शिरणारा आणि जाताना काहीतरी पदरात पाडून नेणारा. हिलालराव उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बंधूंनो, माणूस जेव्हा आपल्या ओल्या भिंतीला मागे टाकून उद्याच्या पिठात उतरतो, तेव्हा त्याची तरवण आपण विसरून कसं चालेल? ज्यांनी ती वाटली, त्यांनीच ती सांडलीही पाहिजे." हॉलमध्ये माणसं रडली. विधवेनं डोळ्यांना पदर लावला. बाहेर पडताना एकजण म्हणाला की आजारपणानंतर आप्पांचं बोलणं फार खोल गेलंय, पार अध्यात्मात. दुसरा म्हणाला, तरवण हा जुन्या पोथीतला शब्द असणार. सरलाबाईच्या मनात आलं की ह्या माणसांच्या गळ्यात घंटा बांधून बारडोलीच्या उसात सोडावं, निदान पोटभर खातील तरी.

धर्मेंद्र मात्र भाबडा नव्हता. अध्यक्षांचं बोलणं संपलं की तो माईक हातात घ्यायचा आणि म्हणायचा, आप्पांच्या बोलण्याचा भावार्थ असा. भावार्थ अर्थातच धर्मेंद्रला हवा तो. हॉलच्या भाड्याचा भावार्थ, निवडणुकीत कुणाला मत द्यायचं त्याचा भावार्थ. त्याला खरं काय ते कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. सरलाबाईच्या मते त्याला पुरतं कळलं होतं. असा अध्यक्ष मिळायला नशीब लागतं, तोंड त्याचं आणि बोलणं आपलं.

मग वर्षाच्या बैठकीचा दिवस ठरला. आणि वर्षाचा सासरा छगन हा धर्मेंद्रच्या मावसबहिणीचा दीर निघाला.

सरलाबाई चपला झिजवत फिरली. धर्मेंद्रला म्हणाली, यांना काही समजत नाही, बैठक दुसऱ्या कुणापुढे घ्या. तो म्हणाला, वहिनी, आप्पांचा अर्थ लागायला अभ्यास लागतो, टिक्क्या चिकटवण्याइतकं ते सोपं नाही. विकासकडे गेली, तर तो म्हणाला, आप्पा तर मस्त बोलतात, आत्या, तूच कशाला त्यांना वेडं ठरवतेस? मयुरीनं सांगितलं ते तिनं दोघाचौघांना सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. जो बोलतो त्याला समजतं, इतकी त्यांची अक्कल सरळ होती. बरं, पोरीला स्वतःच्या घरात लपवून ठेवावं, तर घर अध्यक्षांचं. अध्यक्षांनी सासरी धाडायचा निकाल दिलेली पोर अध्यक्षांच्याच घरात कशी ठेवणार? सगळा समाज दारात येऊन घेऊन गेला असता.

एक वाट उरली होती. भर बैठकीत सगळ्यांना दाखवून द्यायचं की ह्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. पण तिथे तिचा पाय अडखळत होता. नवऱ्याच्या भाषणांना तिनं आयुष्यभर नाकं मुरडली, ती घरातली गोष्ट. त्याला चारचौघांत उघडं पाडायचं म्हणजे त्याच्याकडे उरलेली ती एक खुर्ची काढून घ्यायची. मग तोही इंदुबाईसारखा भिंतीला टेकून बसणार, आणि लोक त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलणार. त्याला काही समजणार नाही असं म्हणावं, तर तोंडं कशी फिरली हे त्याला बरोबर समजणार. ती त्याच्यावर चिडलेली होती, पण त्याचं वाईट व्हावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मयुरी हिलालरावांचा व्यायाम घेत असताना सरलाबाई बाकावर इंदुबाईजवळ बसली आणि मनातलं सगळं तिच्यापुढे ओकली. पोरीचा दंड, विकास, धर्मेंद्र, आपला नवरा, सगळं. इंदुबाई तिच्याकडे रोखून बघत ऐकत होती. मग तिनं ओठ हलवले, दोनदा शब्द निसटला, कपाळावर घाम आला, आणि शेवटी तिनं तीन शब्द बाहेर काढले.

"पोर. मार. नको."

सरलाबाई उठली. मंडळाच्या सगळ्या भाषणांत मिळून जेवढं निघालं नव्हतं तेवढं त्या बाईनं सांगितलं होतं.

बैठकीला हॉल भरला होता. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर, वर्षा बायकांत मान खाली घालून. अध्यक्षांच्या खुर्चीत हिलालराव, इस्तरीचा सदरा, टोपी, चेहऱ्यावर समाधान. गर्दी बघून त्यांना बरं वाटत होतं. छगननं आपली बाजू मांडली. भांड्याला भांडं लागतंच, पोराचा हात जरा जड आहे, पण मनानं सोनं आहे, पोरीनं चार दिवस कमी टीव्ही बघितला असता तर हे झालंच नसतं. पुढच्या खुर्च्या माना डोलावत होत्या. वर्षाला बोल म्हणाले तर तिनं उभी राहून बाही वर केली आणि मी जाणार नाही म्हणाली. तेवढ्यावर तिला बोलता येत नाही असं ठरलं. मग धर्मेंद्रनं जाहीर केलं की आता अध्यक्ष दोन शब्द बोलतील आणि तोच निकाल.

हिलालराव उठले. "उपस्थित बंधू आणि भगिनींनो," ते म्हणाले, आणि एवढंच काय ते खरं बोलले, कारण ते पाठ होतं. "आज ज्या दोरीनं आपण ही ओसरी मोजतो आहोत, तिच्या सावलीला आपण कालच दार लावलं होतं. तेव्हा माझं असं स्पष्ट सांगणं आहे, की जे वळचणीला उगवलं, ते वळचणीनंच परत दळलं पाहिजे." आणि बरोबर जागेवर थांबले. टाळी पडली.

धर्मेंद्रनं माईक घेतला. आप्पांच्या बोलण्याचा भावार्थ स्पष्ट होता म्हणे. जे जिथलं आहे ते तिथे परत गेलं पाहिजे. पोरीनं सासरी जावं. विकासनं मान डोलावली. सतरंजीवर वर्षानं दोन्ही हातांनी आत्याचा पदर धरला.

सरलाबाईनं तो सोडवला आणि उभी राहिली. बैठकीत बाईनं उठून पुढे जायची रीत नव्हती, तरी ती खुर्च्यांच्या मधून चालत गेली. म्हणाली की यांना आजार आहे, बोललेलं कळत नाही, हवं तर विचारून बघा, म्हणा डोक्यावरची टोपी काढून दाखवा. धर्मेंद्र हसला. अध्यक्ष म्हणजे काय बालवाडीतलं पोर आहे का, आपल्या नवऱ्याचा पाणउतारा करायला आलात का वहिनी, असं तो म्हणाला, आणि पुढच्या रांगेनं त्याला दाद दिली. कुणीतरी मागून म्हणालं, बायकांना आवरा. सरलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिनं राग तोंडावर येऊ दिला नाही. तिला माहीत होतं की हिलालराव तिच्या तोंडाकडेच बघत आहेत.

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला. हात जोडले. तोंडभर हसली. आणि पाहुण्याला भाषणाची विनंती करतात त्या मधाळ आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, कपाळभर कुंकू लावलेली ती सवाष्ण आपल्या नवऱ्याला म्हणाली,

"अध्यक्ष महाराज, आपण मेलात. आपली तिरडी बांधून झाली, मडकं धरायला लखन आला आहे, आणि मी इथे बांगड्या फोडायला उभी आहे. तरी आपण समाजासमोर दोन शब्द बोलावेत, ही नम्र विनंती."

बायकांतून एक जोराचा श्वास ऐकू आला. जित्या नवऱ्याला असं म्हणायचं तर सोडाच, रागाच्या भरात मनात आलं तरी बाई देवापुढे कान धरते.

हिलालरावांचा चेहरा खुलला. बायको हसून, हात जोडून, एवढ्या लोकांपुढे आपल्याला बोलायला सांगते आहे, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. ते उठले, टोपी सारखी केली, तिला नमस्कार केला, मग सभेला केला. "आपण सर्वांनी मिळून माझी ही जी पायरी शिवलीत," ते भरल्या आवाजात म्हणाले, "तिच्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे, आणि दर वर्षी ती आपल्याच हातून अशीच होत राहो, अशी माझी तरवण आहे." आणि थांबले.

मागच्या काही खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. सरलाबाई काय म्हणाली ते त्यांनी ऐकलं होतं, अध्यक्ष काय म्हणाले तेही ऐकलं होतं, तरी अध्यक्ष थांबले म्हणून हात आपोआप वाजले. मग शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते हात हवेत राहिले. पुढच्या रांगेतल्या पंचांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. आजवर कुठल्या कुठल्या भावार्थाला आपण माना डोलावल्या, ते प्रत्येकाला आठवत असणार. धर्मेंद्रनं हातातला माईक खाली केला.

पहिला उठला तो छगन. जी बाई जित्या नवऱ्याची तिरडी बांधते, तिच्या रक्ताची पोर आम्हाला आमच्या घरात नको, आजपासून संबंध सुटला, समाजानं ऐकून ठेवावं, असं म्हणून त्यानं पोराला दंडाला धरून उठवलं आणि तो तरातरा निघून गेला. जे फारकतीचे शब्द अध्यक्षांच्या तोंडून यायचे होते ते सासऱ्यानं स्वतःच्या तोंडानं भर बैठकीत बोलून टाकले, हे त्याच्या दारापर्यंत लक्षात आलं नाही. विकासच्या आलं. बैठकीत सुटली ती सुटली, असं तो हळूच बहिणीला म्हणाला. वर्षा मोठ्यानं रडायला लागली.

धर्मेंद्रला आता कुठे वाचा फुटली. हात चोळत राहणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो म्हणाला, पोरीचं झालं ते झालं, पण सवाष्णीनं असं अभद्र बोलणं हा समाजाचा अपमान आहे, आपल्या आप्पांचा अपमान आहे, वहिनींनी इथल्या इथे माफी मागावी. पुढच्या रांगेत जीव आला. हो हो, माफी मागा. ज्यांना आयुष्यात एका वाक्याचा अर्थ लागला नव्हता, त्यांना ह्या एका वाक्याचा मात्र लगेच लागला होता.

सरलाबाईनं त्यांच्याकडे एकेकाकडे पाहिलं. तिला त्या सगळ्यांची किळस आली होती. आणि आता पोर सुटल्यावर, आपण काय बोलून बसलो ते तिच्या अंगावर आलं होतं.

"मागते की माफी," ती म्हणाली. "ज्याला लागलं असेल त्यानं पुढे यावं."

शेवटचा शब्द बोलताना तिच्या डोळ्यांना धार लागली. कुणी जागचं हललं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हिलालराव उठले होते. त्यांना तिच्या शब्दांतलं अक्षर लागलं नव्हतं, ते फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते. ते सगळ्या समाजाच्या समोरून चालत पुढे आले, तिच्यापुढे उभे राहिले, आणि खांद्यावरच्या उपरण्याचं टोक घेऊन त्यांनी तिचे डोळे पुसले. तेवढा वेळ त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.